डाव्या खांद्यावरचा टाका

सगळा मिळून आठ सेकंदांचा तुकडा. पहिली सहा सेकंदं ठरल्याप्रमाणे गेली. जंगलातली पायवाट, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या काथ्याच्या वेली, आणि वाटेवरून पाठमोरी चाललेली वीतभर उंचीची आई, हातावर मुलीचा पिवळा झगा. सातव्या सेकंदाला आईने मान वळवली आणि मागे बघितलं. एवढंच. पडदे ओढलेल्या खोलीत बसलेल्या आठ-दहा जणांपैकी कुणीतरी "अरे!" म्हणालं, कुणीतरी हसलं, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एर्मिला चिगोच्या हातातून तेहुइनोचा पेला सुटला. मक्याचं ते आंबूस, मीठ-लिंबू घातलेलं पेय बर्फासकट तिच्या बुटात शिरलं. बुटात शिरलं हे तिला कळलंच नाही. गारवा तेवढा जाणवला, आणि तो तिला ओढ्याचा वाटला.

"तिला मागे बघायला कुणी सांगितलं?" दिग्दर्शिका रेनाता अंधारातून म्हणाली. आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. रेनाता रागावली की दहा मिनिटांत विसरायची, पण उत्सुक झाली की आठवडाभर कुणाला जेवू द्यायची नाही.

"मी नाही," गौदेन्सिओ म्हणाला. बाहुल्या हलवण्याचं काम त्याचं. एक चित्र घ्यायचं, बाहुलीला केसभर हलवायचं, पुन्हा चित्र, पुन्हा केसभर. दिवसभर राबलं की चार सेकंदं हाती लागतात. त्यामुळे असेल, त्याचं बोलणंही केसाकेसाने पुढे सरकायचं. "म्हणजे... हात माझाच. पण मी नाही."

"म्हणजे बाईला लागिर झालं म्हण की," दिवेवाला म्हणाला.

"पुन्हा लाव," रेनाता म्हणाली.

दुसऱ्या वेळी एर्मिलाने डोळे मिटून घेतले, पण त्याने काही फरक पडला नाही. मिटल्या पापण्यांच्या आत तोच तुकडा गेली अठ्ठावन्न वर्षं चालूच होता, आणि तो या पडद्यावरच्यापेक्षा फार स्वच्छ होता. त्यात वेली काथ्याच्या नव्हत्या. दुपारचं ऊन होतं, आईच्या भेगाळलेल्या टाचा होत्या, डाव्या चपलेचा तुटलेला पट्टा केळीच्या सोपटाने बांधला होता, आणि त्या गाठीचं एक शेपूट पावलागणिक धुळीत रेघ ओढत होतं. आणि मग ती मान. उजेड मागून आल्यामुळे कडा पेटल्यासारखा दिसणारा चेहरा, वरच्या ओठावर घाम. पडद्यावरच्या बाहुलीनेही मान डावीकडूनच वळवली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं, नसलेलंही सांगितलं होतं. हे एवढंच नाही.

नसलेलं सांगण्यात एर्मिलाचा हात धरणारं ग्वादालाहारात कुणी नव्हतं. सांता तेरेच्या बाजारात तिची चार फुटांची टपरी होती, आणि तिचा धंदा म्हणजे बाळ येशूला कपडे शिवणं. दोन फेब्रुवारीच्या सणाला घरोघरची माणसं आपापलं प्लास्टरचं बाळ फडक्यात गुंडाळून आणायची आणि त्याला नवा पोशाख चढवून चर्चला न्यायची. कुणाला डॉक्टरचा हवा, कुणाला राजाचा, एकदा तर एका खाटकाने फुटबॉलच्या संघाचा मागितला होता. शिवता शिवता ती बोलायची. कुणाचं बाळ रात्रीत बोटभर वाढलं, कुणाच्या बाळाने नवे मोजे आवडले नाहीत म्हणून पाय आखडून घेतले. लोक हसायचे, छातीवर क्रुसाची खूण करायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच यायचे. तिथेच एक दिवस रेनाता आली, हातरुमालात गुंडाळलेली एक बाहुली घेऊन. आत तारेचा सांगाडा, वर रबराची कातडी, अंगावर चिंधी नाही. "याला शर्ट शिवाल?" म्हणाली. एर्मिलाने बाहुलीला उलटं केलं, पावलं बघितली. पावलं उलटी होती, टाचा पुढे. "हा चानेके आहे," ती म्हणाली. रेनाताचे डोळे असे चमकले की एर्मिलाला वाटलं, या पोरीला आता काहीही खपवता येईल.

आणि तिने खपवलं. कातेमाकोच्या तळ्याकडची, म्हणजे चानेकेंच्या माहेरची बाई मिळाली म्हणून रेनाताने वहीच काढली. ओढ्याकाठी, मुळांच्या बेचक्यांत राहणारे, पोराएवढे, खोडकर, घाबरलेल्या पोराची सावली ठेवून घेणारे. हे खरं होतं, तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण चानेकेंना बटणं सोसत नाहीत, बटण दिसलं की त्यांना उचकी लागते, हे एर्मिलाने स्वतःच्या डोळ्यांना घाबरून सांगितलं होतं. बेचाळीस चानेके, प्रत्येकाच्या शर्टाला मसुराएवढी सहा बटणं. या वयात कोण शिवणार? रेनाताने ते वहीत उतरवलं, आणि दोन महिन्यांनी सिनेमात बटणांचा एक अख्खा प्रसंग तयार झाला. मुलगी खिशातून बटणं उधळते आणि बेचाळीस चानेके उचक्या देत झाडावरून पडतात. स्टुडिओतला उत्तम प्रसंग, सगळे म्हणायचे. दारावरच्या मोठ्या चित्राखाली तर छापूनच टाकलं होतं: आमच्या लोककथांवर आणि एका घराच्या रीतीवर आधारित. ते घर म्हणजे एर्मिलाचं. येता-जाता ती ओळ वाचायची आणि मनातल्या मनात क्षमा मागायची. कुणाची, ते तिने ठरवलं नव्हतं.

दिवे लागले. जो तो खुर्ची सरकवत उठला. रेनाता तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि तिच्या बुटाकडे बघत, तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं म्हणाली, "दोन्या एर्मिला, पाय भिजले तुमचे."

"भिजू दे. पोरी, ते काढून टाक."

"बूट?"

"मागे बघणं. काढून टाक. तसं नसतं."

"पण कसली बघते ती! मला तर काटा आला. तसं नसतं म्हणजे? बघायची बंदी आहे हे तुम्ही कधी बोललाच नाहीत."

बोलली नव्हती खरी. बंदी सांगितली असती तर ती कुणी मोडली का, हा प्रश्न आलाच असता. रेनाताला प्रश्न विचारल्याशिवाय घास गिळवत नव्हता. म्हणून एर्मिलाने सावली परत आणायची ती रीत सांगताना तेवढा टाका सोडूनच दिला होता. आता ती सावकाश म्हणाली, "सावली आणायला गेलेल्या बाईने वाटेत कुणाशी बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. बघितलं की सावली बिचकते, परत फिरते. कायमची."

रेनाताच्या कपाळामागे काहीतरी फिरताना दिसत होतं. "म्हणजे," ती म्हणाली, "आई बघते, सावली परत जाते, आणि मुलगी जन्मभर अर्धी राहते. तर मग माझा शेवटच चुकला. की बघूनही सावली येते? तसं असलं तर हा तुकडा सोन्याचा आहे. तुम्ही सांगाल तसं करू. तुमच्या घरातलं आहे, मी मनचं नाही घालणार. पण आज चारपर्यंत सांगा. उद्या सकाळी जंगल मोडतोय, तिथे स्वयंपाकघर उभं करायचंय. बघितल्यावर सावलीचं काय होतं?"

हाच प्रश्न एर्मिलाला सहाव्या वर्षापासून पडलेला. फक्त तो तिला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि चारपर्यंत तर नक्कीच नाही.

ती बाहेर पडली. स्टुडिओ पूर्वी चपलांचं गोदाम होतं. अंगणात अजून कातड्याचा वास यायचा आणि एक जॅकरांडाचं झाड जांभळा सडा घालून ठेवायचं. ती त्या सड्यावर चालत कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेली, बूट काढले, मोजे पिळले. ऊन डोक्यावर आलेलं. स्वतःची सावली तिने बघितली. पायाशी गोळा झालेली, बुटकी, कुठे वाटीएवढी कमी नाही की कुठे फाटलेली नाही. पण दिसणारी सावली वेगळी आणि ती सावली वेगळी, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. गावाखालच्या ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून ती घसरली तेव्हाही अशीच टळटळीत दुपार होती. लागलं काहीच नाही. कमरेएवढ्या पाण्यात नुसती बसली, आणि पलीकडच्या मुळांत कुणीतरी हसलं. घरी आली ती गप्प. मग ताप, अन्न नको, डोळे उघडे ठेवून झोप. शेजारणी म्हणाल्या, सावली तिकडेच राहिली. तिसऱ्या दिवशी आईने तिचा पिवळा झगा घेतला, तुळशीच्या जातीची ती वासाची फांदी घेतली, भर बारा वाजता ओढ्यावर गेली, फांदीने तीनदा पाणी झोडपलं आणि हाक मारली. 'एर्मिला, चल घरी, इथे राहू नकोस.' झगा हातावर टाकला, जणू त्यात पोर आहे, आणि निघाली. घरी आल्यावर तो झगा पोरीच्या अंगात घातला की झालं. अशी रीत. आणि वाटेत, कुठेतरी वळणापाशी, अमाने, म्हणजे आईने, मागे बघितलं.

का बघितलं? एर्मिलाने, एक वेळ सोडली तर, आयुष्यभर याचं उत्तर शोधलं नाही, परिणाम तेवढे शोधले. सिगारच्या कारखान्यात पानं वळायला बसली, तर दीड वर्षात सोडलं. त्लाकेपाकेच्या एका ट्रम्पेटवाल्याशी लग्न ठरलं, चर्चमध्ये फुलं लागली, आणि ही आदल्या दिवशी सकाळी बसमध्ये. का, ते तिलाही सांगता आलं नाही, फक्त असं वाटलं की फुलांमध्ये उभं राहायला जेवढी बाई लागते तेवढी आपण नाही. सहा घरं बदलली आणि एक ट्रंक कुठल्याच घरात पूर्ण रिकामी केली नाही. फोटोत ती नेहमी हललेली यायची. भाच्या म्हणायच्या, "मावशी, जरा स्थिर राहा की!" ती मनात म्हणायची, बाई, स्थिर राहणारा भाग तिकडे ओढ्यात आहे, इथे हा हलणाराच आलाय. यात दुःख होतं असंही नाही. एखाद्याला एक कान कमी ऐकू येतो तसं ते झालं होतं, त्या बाजूने बोलणाऱ्याला 'हं हं' करायचं. थापा मारायची सवय त्यातूनच लागली असेल. अमा शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा एर्मिला चौदा तास बस बदलत गेली ती एवढं एकच विचारायला: अमा, तू मागे का बघितलंस? उशाशी बसली, तोंड उघडलं, आणि म्हणाली, "उशी जरा उंच करू का?" अमा म्हणाली, "कर." त्यालाही बावीस वर्षं झाली.

मग आज या बाहुलीला कुणी सांगितलं?

तिने ओले बूट हातात घेतले आणि अनवाणीच आत गेली. गौदेन्सिओ काळ्या पडद्याआड, जंगलाच्या कडेला गुडघ्यावर बसून पाव खात होता. लाल रशात बुडवलेला पाव, तोही केसाकेसाने. तिला बघून त्याने हनुवटी पुसली.

"शिव्या द्यायला आलात, दोन्या?"

"देईन नंतर. आधी सांग, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आईशप्पथ." त्याने पाव बाजूला ठेवला. "बघा, मी तिचा डावा हात पुढे करायचो, की मान नखभर वळायची. मी सरळ करायचो. पुन्हा हात, पुन्हा मान. पहिल्या दिवशी चाळीस वेळा सरळ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, हिला बघायचंय. मी कोण अडवणारा? मग मी तिच्या मागे मागे गेलो. ती नखभर, तर मी आणखी नखभर."

"वेडा आहेस."

"बायकोही तेच म्हणते. पण तिला दोन दिवस बघून झाल्यावर मला वाटलं, मागे कुणीतरी असल्याशिवाय बाई असं बघणार नाही."

एर्मिलाने बाहुली उचलली. अमासारखी ती दिसत नव्हती. नाक रेनाताच्या कुठल्या तरी आत्याचं होतं. पण ओढणी एर्मिलाने विणलेली, करड्या-निळ्या रेघांची, काठात केसासारखी तार घातलेली, म्हणजे वाऱ्यात हलली असं दाखवता येतं. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि अंगठा डाव्या खांद्यावरून फिरवला. तिथे तो होता. एक टाका, बाकीच्यांहून घट्ट, डावीकडे ओढलेला. तिने बाहुलीचा हात पुढे केला. ओढणी ताणली गेली. मान नखभर वळली.

तिला हसूच आलं. हा टाका ती तीस वर्षं घालत होती. बाळ येशूचं टोपडं शिवताना डाव्या बाजूला एक टाका आवळून घ्यायचा. मग टोपडं तिरपं बसतं आणि प्लास्टरचं बाळ धरणाऱ्याकडे मान वळवून बघतंय असं दिसतं. 'एर्मिलाच्या हातचं बाळ बघतं,' असं सगळी सांता तेरे म्हणायची. ती तिची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चांगली थाप होती, शिवून मारलेली. हाताला इतकी सवय, की हिची ओढणी जोडतानाही हाताने तिला न विचारता टाका घातला. म्हणजे भूत नाही, लागिर नाही. आईला मागे बघायला तिनेच लावलं होतं. आणि बोटं त्या टाक्यावर असतानाच तिच्या मनात आलं, की या टाक्याची युक्ती तरी मला कुठून सुचली? कुणी शिकवली नव्हती. कुणीतरी आपल्याकडे मान वळवून बघावं, हे एवढं मोठं सुख असतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

कारण अमाच्या त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हे तिला आज, अठ्ठावन्न वर्षांनी, चपलांच्या गोदामात अनवाणी उभं असताना कळत होतं. बाजाराच्या गर्दीत बाई पुढे चालते, पोर मागे असतं, आणि ती दोन क्षण वळून बघते: येतंय ना? तसा तो चेहरा होता. इतकी वर्षं आपण नियम आठवत बसलो, चेहरा बघितलाच नाही.

तिने अंगणात येऊन बहिणीला फोन लावला. नासारिया तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, अजून कातेमाकोलाच, तळ्याकाठी लिंबू-मिरची लावलेल्या गोगलगाई विकायची.

"कोण मेलं?" नासारियाने विचारलं.

"कुणी नाही."

"मग दिवसाढवळ्या फोन? लग्नाचं मागणं आलं की काय?"

"नासा, ऐक ना. अमा माझी सावली आणायला गेली होती बघ..."

"आता आणखी काय हवं तुझ्या सिनेमाला? घरातलं सगळं विकून खाल्लंस. बाबांचं गळू राहिलंय, तेही घाल."

"येताना तू कुठे होतीस? माझ्या पुढे चालत होतीस का मागे?"

"चालत? कोण चालत?"

"आपण. ओढ्यावरून घरी. अमा पुढे, आणि..."

"डोकं फिरलं तुझं? आजारी पोराला कुणी नेतं का तिकडे? पुन्हा धरतील की! अमा एकटी गेली. तू खाटेवर होतीस, दात वाजत होते, आणि मी तुझ्या उशाशी बसून ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होते. माझं त्या दिवशीचं जेवण बुडालं, अजून लक्षात आहे माझ्या."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, होड्यांच्या कडा एकमेकींना लागल्याचा. एर्मिला झाडाच्या बुंध्याला टेकली.

"मी गेलेच नव्हते?"

"तीन दिवस पाय खाली टेकला नव्हतास."

"पण मी तिला पाठमोरी बघितली, नासा. वाटेवर. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, केळीच्या सोपटाने बांधला होता. एक शेपूट लोंबत होतं."

पलीकडे कुणीतरी नासारियाकडे पावशेर गोगलगाई मागत होतं. तिने त्याला 'थांब रे' म्हटलेलं ऐकू आलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता.

"कुणी नाही. दिसलं."

"ते तिने घरात आणलंच नाही. जंगलातलं काही आत न्यायचं नाही म्हणून अंगणाबाहेरच कापून टाकलं. मी विळा नेऊन दिला, म्हणून मला ठाऊक. तू आत होतीस. भिंतीकडे तोंड करून."

"मग तूच कधीतरी बोलली असशील."

"मी? मला साठ वर्षांत आज आठवलं ते. थापा मारतेस का गं?"

"या वेळेला नाही."

"तुझं तुला तरी कळतं का, ही वेळ कुठली आणि ती वेळ कुठली?"

"नासा, अमाने वाटेत मागे बघितलं असेल?"

"अमाने? छे. ती देवळातही मागे बघायची नाही. आणि बघितलं असतं तरी कुणाला सांगितलं असतं का? जीभ कापून दिली असती. का? काय झालं?"

"काही नाही. मग सांगते."

"मग सांगते म्हणे. आता मला झोप येणार नाही, कळलं का? या माणसाला गोगलगाईच्या ऐवजी रिकामे शंखच मोजले मी," असं म्हणून नासारियाने फोन ठेवला.

एर्मिला तशीच उभी राहिली. जॅकरांडाचं एक फूल तिच्या उघड्या पावलावर पडलं; दुसरं जमिनीवर, सावलीच्या कडेला. तिने एकेक गोष्ट हळूच, गौदेन्सिओसारखी, केसभर पुढे सरकवली. खाटेवर एक पोर होती, तोंड भिंतीकडे. वाटेवर एक बाई होती, हातावर रिकामा झगा. आणि त्या बाईच्या मागे, टाचांएवढ्या उंचीवरून, चपलेची गाठ बघत कुणीतरी येत होतं. बाई वळली तेव्हा तिचा चेहरा त्या कुणीतरीने बघितला. तो चेहरा आज माझ्याजवळ आहे. जे परत फिरलं असतं, ते आपल्याबरोबर चेहराही घेऊन गेलं असतं. मग माझ्याकडे तो कुठून आला?

अर्थात, हे सगळं तिने रचलंही असेल. सहा वर्षांची पोर तापात काय काय रचते, आणि ही तर पुढे एर्मिला व्हायची होती. पण केळीचं सोपट? ते रचलं असतं तर खरं कसं निघालं? तिने उलटसुलट करून बघितलं, जसं ग्राहकाने आणलेलं बाळ कुठे तडकलंय का बघते. तडा सापडेना. आणि मौज म्हणजे, तो सापडला असता तर तिला बरंच वाटलं असतं. एवढी वर्षं अर्धी असण्याची सवय झालेली, सगळी ट्रंक अशी एकदम उघडून काय काय निघेल कुणास ठाऊक. ट्रम्पेटवाल्याला काय सांगायचं? तो बिचारा मेलाही असेल. म्हणजे ती फुलं, ती बस, ती सहा घरं, ते कुणा चानेकेने केलं नव्हतं. ते आपणच केलं, अख्खं असताना. हे जरा लागलं. मग ते लागणंही तिला नवं वाटलं, आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

चारला पाच मिनिटं कमी असताना रेनाता वही घेऊन आली. एर्मिला आपल्या कामाच्या टेबलाशी बसली होती. बूट खिडकीत वाळत होते.

"मग, दोन्या? सावली येते की जाते?"

"कॅमेरा कुठे होता?"

"कधी?"

"आई मागे बघते तेव्हा."

"मागे. वाटेवरच. खाली, तिच्या गुडघ्यापेक्षाही खाली." रेनाताने हाताने दाखवलं. "का?"

"मग मला काय विचारतेस? तो चेहरा दिसला कुणाला?"

रेनाताचं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "ती येतेय. आपण तिच्याच डोळ्यांनी..." मग एकदम मान वर करून, डोळे बारीक करून तिने विचारलं, "ही बटणांसारखी थाप नाही ना?"

एर्मिलाच्या हातातली सुई थांबली. "बटणांचं तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही सुईत दोरा ओवायला मला तीनदा हाक मारलीत."

"आणि तरी लिहून घेतलंस?"

"चांगली होती म्हणून. पण ही कुठली ते सांगा. खरं सांगा."

एर्मिलाने विचार केला. खरं सांगायला ती बसली की शब्द नेहमी पळून जायचे. आज ते आपणहून जवळ येऊन उभे होते. "नियम आहे, मागे बघायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईने बघितलं. सावली आली. एवढंच मला माहीत आहे, आणि हे मला आज दुपारी कळलं. तुला शेवट बदलायचा तर बदल. पण तो चेहरा कापू नकोस."

रेनाताने लिहिलं नाही. वही मिटली, एर्मिलाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेली; मग जंगलाच्या बाजूने तिचा आवाज आला, "गौदेन्सिओ! पाव टाक आणि इकडे ये! वाट मोडायची नाही उद्या, आणखी दोन दिवस हवीय मला!" आणि दिवेवाल्याचा, "मग स्वयंपाकघर काय माझ्या डोक्यावर उभारणार?"

एर्मिलाच्या टेबलावर तीच आई दोनदा आडवी पडलेली होती. एक बाहुली मोडली तर काम अडू नये म्हणून सगळ्या तीन-तीन केलेल्या असतात. तिने दुसरीला उचललं, ओढणीची डावी शिवण उसवली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि, रेनाताला न बोलावता, चौथ्या झटक्यात सुई ओवली. एक टाका. आवळून, डावीकडे. मग तिने बाहुलीचा हात पुढे केला, आणि वीतभर बाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं, बाजारात बघतात तसं.

"आहे गं," एर्मिला म्हणाली. "मागेच आहे. तू चाल."